घाडीकाकांची ओळखवही

गेल्या खंडेनवमीला सकाळी पावणेबारा वाजता, चारकोपच्या आमच्या गाळ्यात, मी एका धडधाकट डिस्कची ओळख पुसून टाकली. मजकूर जिथल्या तिथे होता. अकरा वर्षांचे बायोप्सीचे रिपोर्ट, एक ओळ इकडची तिकडे नाही. फक्त ती डिस्क कोण आहे हे मशीनला कळेनासं झालं. बोटाला पूजेचं कुंकू होतं, त्यामुळे एंटरच्या बटणावर लाल ठसाही उमटला. इतका सोयीचा गुन्हेगार पोलिसांनासुद्धा मिळत नसेल.

थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या पॅथॉलॉजी लॅबचं जुनं दफ्तर एका युनिक्स मशीनवर आहे. त्यात पाच डिस्क. पाच वेगळ्या न ठेवता त्यांचा एक गट बांधलेला, म्हणजे वापरणाऱ्याला एकच मोठी जागा दिसते. प्रत्येक डिस्कच्या अगदी सुरुवातीला सोळा आकडे-अक्षरांची एक ओळख लिहिलेली असते, आणि गटातल्या प्रत्येक डिस्ककडे बाकी चौघींच्या ओळखींची यादीही असते. डिस्क कुठल्या खाचेत बसली याला काही अर्थ नाही. मशीन चालू होताना खाचेप्रमाणे तिला एक कामचलाऊ नाव मिळतं, डिस्क दोन, डिस्क तीन. उद्या खाच बदलली की हे नाव बदलणार. ओळख बदलत नाही. कुणी गाढव हाताने पुसेपर्यंत.

हे सगळं मला अनंता घाडींनी शिकवलं. मी करमाळ्याचा. तिथल्या कॉलेजात आम्हाला युनिक्स फळ्यावर शिकवलं होतं, खडूने. मशीन एकच होतं आणि ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाकून ठेवलेलं असे. नोकरीच्या पहिल्या दिवशी घाडीकाकांनी मला विचारलं, "डिस्क कधी हातात घेतलंस?" मी म्हणालो, "चित्रात बघितलीय." ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यानंतर गाळ्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला ते माझी ओळख तशीच करून देत. "ह्यो किरण. ह्याने डिस्क चित्रात बघितलेली आसा."

घाडीकाका मालवणकडचे, राहायला भांडुपला कोकणनगरात. वडील परळला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा काका दहावीत. पुढे आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि अंधेरीच्या एका कंपनीत टेप चढवायच्या कामाला लागले. तिथून शिकत शिकत या लॅबमध्ये आले, त्याला बावीस वर्षं झाली होती. लॅबचे मालक दोनदा बदलले, पाटी तीनदा बदलली, मशीन आणि घाडीकाका तेच राहिले. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही होती, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. तिच्यात गेल्या बावीस वर्षांत त्या मशीनमध्ये आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक डिस्कची ओळख, समोर कारखान्याचा सिरीयल नंबर, आली कधी, गेली कधी. मेलेल्या डिस्कच्या नावापुढे ते 'कै.' लिहीत. मी हसायचो. ते म्हणायचे, "हस. डिस्कीचा कपाळ बघायचा, खाच बघायची नाय. खाचेत आज कोण आणि उद्या कोण."

त्यांच्या बायकोचं, कुंदाकाकींचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं, मुलुंडच्या एका सेंटरमध्ये. खर्च लॅबच्या ग्रुप मेडिक्लेमवर. घाडीकाका निवृत्त व्हायला सोळा महिने राहिले होते, आणि त्या सोळा महिन्यांत काकींना किडनी मिळावी म्हणून नाव नोंदवलेलं होतं. म्हणजे काका नोकरीला पगारासाठी येत नव्हते, पॉलिसीसाठी येत होते. हे ते स्वतःच सांगायचे, चहा पिता पिता, जसं कुणी बसचा नंबर सांगावा.

तर खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या आख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये यंत्रं थांबतात. लेथवाले लेथ पुसतात, छापखानेवाले छपाईची यंत्रं धुतात, दारोदारी झेंडू. घाडीकाका आपलं मशीन मागे कसं ठेवणार? हेड ऑफिसकडून ते दर वर्षी 'प्रतिबंधक देखभाल' अशा भारदस्त नावाने दोन तासांची परवानगी काढत. मग मशीन बंद करायचं, डिस्क एकेक करून बाहेर काढायच्या, कोरड्या फडक्याने पुसायच्या, ताटात मांडायच्या, प्रत्येकीच्या कडीला हळदकुंकू, वर फूल. नारळ बाहेर पायरीवर, कारण सर्व्हर रूममध्ये पाणी सांडलेलं त्यांना खपत नसे. जगात कुठे डिस्कना वर्षातून एकदा असं माहेरपण मिळत असेल, मला शंका आहे.

त्या वर्षी ताटात सहा डिस्क होत्या. सहावी अंधेरीच्या हेड ऑफिसहून आली होती, एका मोडीत काढलेल्या मशीनची. तिच्यावर त्या मशीनची जुनी ओळख होती. ती पुसायची, तिला नवी द्यायची आणि मग आमच्या गटात घ्यायची, असं काम होतं. सेंटरवाल्यांनी त्या दिवशी काकींची वेळ अलीकडे आणली होती. म्हणून काका अकरालाच निघाले.

"डिस्की बसव, मशीन चालू कर आणि गप रव. गट मी येऊन उभो करतंय."

"आणि ती नवीन?"

"ती उद्या. तिका तू शिवायचा नाय."

आता माणूस हुशार असला तर ऐकतो. मी मेहनती होतो. मी सहा डिस्क खाचांमध्ये बसवल्या, ताटात जशा होत्या तशा, म्हणजे कशाही. मशीन चालू केलं. सहाव्या खाचेवर काकांनी आदल्या दिवशीच चिकटपट्टी लावून 'नवीन' लिहून ठेवलं होतं. काका येईपर्यंत नवीन डिस्कची ओळख पुसून ठेवावी, म्हणजे पाठीवर थाप मिळेल, असं मला वाटलं. चिकटपट्टी बघितली आणि हुकूम दिला. गट उभा असता, म्हणजे पाचही डिस्क जोडून वापरात असत्या, तर मशीननेच मला हटकलं असतं. पण काका गट आपोआप उभा राहू देत नसत. आधी वहीशी ओळखी ताडायच्या, मग हाताने उभा करायचा. त्यांच्या या काळजीमुळेच माझा हुकूम बिनविरोध पास झाला.

मग मी वही उघडली. अंधेरीची डिस्क तिसऱ्या खाचेत आरामात बसलेली होती, ओळखीसकट. आणि आमच्या पाचांतली एक नाहीशी झाली होती.

काकांना फोन लागला तेव्हा एक वाजून गेला होता, मागे सेंटरमधल्या मशीनची टिकटिक ऐकू येत होती.

"काका, वाट लागली."

"कोणाची?"

मी सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "गट उभो केलंस?"

"नाही."

"मशीन बंद केलंस?"

"नाही."

"देव पावलो. आता हात खिशात घाल. मी येतंय."

मागून काकींचा आवाज आला, "काय झाला वो?" आणि काका म्हणाले, "काय नाय गो, किरणान चित्रातली डिस्क फोडल्यान."

मुलुंडहून चारकोपला यायला त्यांना पावणेदोन तास लागले. काकी अजून मशीनवरच होत्या. त्यांना ठेवून आले. डायलिसिस झाल्यावर बाई उभी राहिली तर डोळ्यांपुढे अंधारी येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या दिवशी काकी एकट्या रिक्षाने घरी गेल्या आणि चाळीच्या चढावर दोनदा बसल्या. हे मला पुढे कळलं, काकांकडून नव्हे, काकींकडून. आणि तेही हसत हसत.

काका आले, चपला काढल्या, वही दुधाच्या पिशवीतून काढली. आधी त्यांनी त्या ओळख पुसलेल्या डिस्कचा सिरीयल नंबर मशीनकडून काढून घेतला आणि वहीत त्याच्यासमोरची ओळख शोधली. मग बाकीच्या चौघींकडच्या यादीत पाचवी कोण आहे ते बघितलं. दोन्हीकडे तीच सोळा अक्षरं. मला म्हणाले, "वाच मोठ्यान. चार-चार." मी वाचली. तीनदा वाचायला लावली. मग त्यांनी ती सोळा अक्षरं डिस्कच्या सुरुवातीला, जिथे असायला हवीत नेमक्या त्या जागी, थेट लिहिली. बाईट मोजून. एक बाईट पुढे गेला असता तर बातमी वेगळी असती. नंतर गट उभा केला. पाचही जणी हजर. २०१२ सालचा एक रिपोर्ट उघडून बघितला. उघडला.

मला वाटलं आता शिव्या पडणार. काका म्हणाले, "चिकटपट्टी माझी चूक." आणि ती उपटून कचऱ्यात टाकली.

इथे गोष्ट संपली असती. पण मी तो हुकूम दिला होता घाडीकाकांच्या लॉगिनवरून. माझ्या लॉगिनला ते अधिकार नव्हते. अधिकारांचा अर्ज अंधेरीला सात महिने पडून होता. तोवर काम थांबत नाही म्हणून काकांनी मला त्यांचा पासवर्ड दिला होता. मुंबईतल्या अर्ध्या सर्व्हर रूम अशाच चालतात. उरलेल्या अर्ध्यांत पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो.

नव्या मालकांनी देखरेखीचा एक प्रोग्राम बसवला होता. तो प्रत्येक हुकूम टिपून अंधेरीला पाठवायचा. पुढच्या मंगळवारी हेमांगी मॅडमचा मेल आला. त्या आमच्या आयटीच्या प्रमुख. घाडी यांनी चालू डिस्कची ओळख पुसली, चार तासांनी परवानगीशिवाय डिस्कवर थेट लिहिलं, खुलासा करावा.

मी काकांना म्हणालो, "मी सांगतो ना खरं काय ते. पुसली मी. तुम्ही का ऐकून घ्यायचं?"

गाळ्यामागे चहाची टपरी आहे, तिथे उभे होतो. काकांनी ग्लास खाली ठेवला. "ऐक. मी पुसलंय आणि मीच परत लिवलंय, तर ती चूक. चुकीक वॉर्निंग मिळता. एक पत्र फायलीत जाता. जाऊ दे. पण तू पुसलंस असा झाला, तर माझ्या लॉगिनात तू कसो शिरलंस ह्यो प्रश्न येतलो. पासवर्ड दिल्यान, म्हणजे नियम मोडल्यान. त्याका पत्र नाय, त्याका दरवाजो. समाजला?"

"पण खोटंच ना ते."

"खोटाच. सोळा महिने खोटा. मगे मी स्वतः येऊन सगळ्यांका खरा सांगतंय, पेढे घेवन. तू गप रव."

इतक्या सोप्या शब्दांत मला आयुष्यात कुणी काही समजावलं नाही. मला समजलंही. तरी शुक्रवारी अंधेरीला चौकशीच्या खोलीत, काका मान खाली घालून "चूक झाली मॅडम" म्हणाले, तेव्हा मला ते बघवेना. बावीस वर्षं ज्याने एक डिस्क हरवू दिली नाही तो माणूस म्हणतो चूक झाली, आणि ज्याने चित्रात डिस्क बघितली तो बाजूला साक्षीदार म्हणून बसलाय. करमाळ्याच्या शाळेत आम्हाला रोज सकाळी खरे बोलावे असं म्हणायला लावायचे. त्याचाच परिणाम असावा. की आपण किती सच्चे आहोत हे मॅडमना दिसावं असंही कुठेतरी होतं? खूप विचार केलाय. दोन्ही होतं.

मी म्हणालो, "मॅडम, पुसली मी. काकांनी तर वाचवली."

घाडीकाकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

हेमांगी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पण लॉगिन घाडींचं आहे."

त्या काकांकडे वळल्या.

"घाडी, तुम्ही पासवर्ड शेअर केलात?"

"हो मॅडम."

"ओह." त्या वाईट नाहीत, हे सांगितलंच पाहिजे. त्यांना खरंच वाईट वाटलं. "हे तुम्ही आत्ता बोलला नसतात ना, किरण," त्या म्हणाल्या, आणि वाक्य अर्धंच सोडलं. समोर एचआरची एक मुलगी सगळं टाइप करत बसली होती.

मला मिळालं वॉर्निंगचं पत्र, आणि प्रामाणिकपणाबद्दल त्यात एक कौतुकाची ओळसुद्धा. ती मी अजून कुणाला दाखवलेली नाही. काकांना महिनाअखेरीस कार्यमुक्त केलं. हिशेब सगळा चोख. पॉलिसी त्याच तारखेला संपली. लाल वही 'कंपनीची मालमत्ता' म्हणून अंधेरीला जमा झाली. ती देताना काकांनी दुधाची पिशवी तेवढी घडी करून खिशात घातली.

निघताना मी फाटकापर्यंत गेलो. "काका, मला..."

"अधिकार मिळाले काय रे तुका?"

मिळाले होते. सात महिने पडून राहिलेला अर्ज चौकशीच्या दुसऱ्या दिवशी पास झाला होता.

"मगे झकास. आता स्वतःच्या लॉगिनान चुका कर." आणि ते रिक्षात बसले.

त्यानंतर मुलुंडचं सेंटर परवडेना. एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये घाटकोपरला जागा मिळाली, पण आठवड्यातून दोनदाच, सोमवारी आणि गुरुवारी. तीनाचं दोनवर आलं की काय होतं ते मी नंतर वाचलं. अंगात पाणी साठतं. श्वास लागतो. मीठ, पाणी, फळं, सगळं मोजून. किडनीसाठी नाव अजून यादीत आहे, पण ऑपरेशनचा खर्च उचलणारी पॉलिसी नाही, त्यामुळे ते नाव तिथे नुसतंच आहे. काका मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन झाले, बारा तासांची ड्युटी. फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव रजिस्टरात लिहितात. मी एकदा रस्त्याच्या पलीकडून बघितलं आणि तसाच पुढे गेलो.

फेब्रुवारीत मालकांनी जुनं दफ्तर नव्या स्टोरेजवर हलवायला काढलं. पहिल्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढली, आणि नक्कल मशीनला जोडल्याबरोबर गट उभा राहायला नकार देऊ लागला. साहजिक होतं. नक्कल म्हणजे ओळखीसकट नक्कल. एकाच ओळखीच्या दोन डिस्क समोर आल्यावर मशीनने कुणाला खरी मानायचं? एकीची ओळख पुसून तिला नवी द्यायला हवी होती. ओळख पुसायची म्हटल्यावर मी कीबोर्ड बाजूला सरकवला. अंधेरीला लाल वही मागितली. कपाटात आहे, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत, असं उत्तर आलं.

दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी फोन लावला.

"बोल चित्रकार," काका म्हणाले. जणू आम्ही कालच बोललो होतो.

मी अडचण सांगितली. त्यांनी मध्ये एका गाडीला थांबवलं, नाव विचारलं, लिहून घेतलं आणि परत फोनवर आले. "खरी कुठली ता ओळखीवरना नाय कळूचा, ती दोघींची एकच. खाचेवरना तर नायच. सिरीयल नंबर बघ. तो कारखान्याचो, नकलेत येना नाय. थांब, सांगतंय."

वही दिली त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी चालू पाच डिस्कची पानं काकींच्या डायलिसिसच्या फायलीत, मागच्या कोऱ्या कागदांवर, उतरवून घेतली होती. फायल ड्युटीवरही त्यांच्या पिशवीत असते. त्यांनी नंबर सांगितले, चार-चार करून, मी तीनदा परत वाचून दाखवले. खरी डिस्क दुसऱ्या खाचेत निघाली. नकलेची ओळख पुसली, नवी दिली, तिचा वेगळा गट केला. गट उभा राहिला. मी स्वतःच्या लॉगिनवरून केलं होतं.

"काका, उपकार झाले."

"उपकार कसले. एक काम कर माझा." ते जरा थांबले. काकांनी मला काम सांगताना थांबलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "गुरुवारची माझी सुट्टी कापल्यानी. सोमवार मी सांभाळतंय, पण गुरुवारी कुंदा एकटीच जाता. येताना तिका चढाव झेपना नाय. तू एखाद्या गुरुवारी घाटकोपराक जाऊन तिका घरापर्यंत आणशीत काय? एकच गुरुवार. तोपर्यंत मी ड्युटी बदलून घेतंय. ती तुझी आठवण काढता. किरण कसो आसा, जेवता काय, विचारता."

"नक्की," मी म्हणालो. "त्यात काय."

त्यात काय ते असं: काकींना अजून माहीत नाही. काकांनी घरी सांगितलंय की नव्या मालकांनी जुनी माणसं काढली. मी काकींचा हात धरून तो चढ चढणार, त्या दोनदा बसणार, आणि बसल्या बसल्या विचारणार, काय रे किरणा, ह्यांका नेमका कित्याक काढल्यानी? तू तर थंयच होतंस ना.

पहिल्या गुरुवारी ऑडिट होतं. खरंच होतं. दुसऱ्या गुरुवारी मला ताप होता, म्हणजे मी तसं कळवलं. तिसऱ्याला मी घाटकोपरला गेलो, सेंटरच्या समोरच्या रसवंतीत वीस मिनिटं बसलो. काकी बाहेर आल्या. सुजल्या होत्या, मी आधी ओळखलंच नाही. त्यांनी रेलिंग धरलं, फायलींची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रिक्षा शोधायला लागल्या. एक थांबली. त्या बसल्या.

काल काकांचा मेसेज आला. 'किरणा, ड्युटी बदलना नाय. ह्या गुरुवारी जमात काय?'

मी अंगठा पाठवला. आज गुरुवार आहे, साडेतीन वाजलेत, काकींचं डायलिसिस घाटकोपरला चारला संपतं, आणि मी चारकोपला आहे.